चाळिसाव्या दिवशीचा चमचा

सूप गिळून झाल्यावर आचाऱ्याच्या लक्षात आलं, की आज आपला उपास आहे.

कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये रोज तीनशे माणसांचा स्वयंपाक करणारा हा गडी. झाकण काढायचं, चमचा बुडवायचा, फुंकर मारून तोंडात टाकायचा, ही वीस वर्षांची सवय. त्याच्या हाताला डोक्याची परवानगी लागत नव्हती. बायकोच्या हृदयाचं ऑपरेशन ठरलं तेव्हा त्यानं देवापुढे नेम धरला: चाळीस दिवस सूर्य मावळेपर्यंत अन्नाचा कण नाही. एकोणचाळीस दिवस मिठाची चव भांडी घासणाऱ्या मावशींनी बघितली. आज चाळिसावा दिवस, आजच ऑपरेशन, आणि मावशी नेमक्या उशिरा आल्या.

तो मोरीकडे धावला, थुंकला, खळाखळा चुळा भरल्या. पण गिळलेला घोट कुठला परत यायला! मग त्यानं देवापुढे वकिली सुरू केली. अर्धाच चमचा होता. शिवाय पातळ. पातळ म्हणजे पाणीच की, आणि पाण्याची तर मुभा होती. पण सुपात गाजर होतं. गाजरापाशी वकिली अडली, आणि नेम मोडल्याची शिक्षा बायकोला होईल अशी भीती त्याला वाटली. मावशी दारात दिसताच त्यानं डाव त्यांच्या हातात दिला आणि एप्रनसकट बस पकडली.

ही भीती आजची नव्हती. नऊ वर्षांचा असताना संध्याकाळच्या प्रार्थनेत त्याला डुलकी लागली होती, आणि त्याच आठवड्यात आजोबा गेले. "तू झोपलास ना," एवढंच वडील म्हणाले. वडील ते चार दिवसांत विसरले असतील; याच्या मात्र पन्नाशी उलटली तरी ते काळजात रुतून होतं. रविवारी चर्चमध्ये पाळकसाहेब देवाच्या कृपेवर बोलत तेव्हा हा सगळ्यांत जोरात मान डोलवायचा, आणि घरी येऊन प्रार्थना पुरी अर्धा तास झाली की नाही ते घड्याळात बघायचा. असा हा भाबडा माणूस. देवावर प्रेम होतं, पण विश्वास घड्याळावर.

हॉस्पिटलच्या तळमजल्यावर प्रार्थनेची छोटी खोली होती. ऑपरेशन संपेपर्यंत तिथं गुडघ्यांवर राहायचं, म्हणजे कदाचित भरपाई होईल, असं त्यानं बसमध्येच ठरवलं होतं. बायकोला नुसतं तोंड दाखवायचं आणि सटकायचं.

ती खाटेवर हिरवा झगा घालून पडली होती. उशाशी कुणीतरी चुकून आणलेला नाश्ता तसाच होता, कागदात गुंडाळलेला पाव. तिला तर पाण्याचीही बंदी.

"काय केलंत?" त्याचा चेहरा बघताच तिनं विचारलं.

"कुठं काय!"

"अहो, कपाळाला पीठ आणि अंगात एप्रन. सांगा."

त्यानं सांगितलं. सांगताना तिच्याकडे बघायची हिंमत झाली नाही.

"मीठ बरोबर होतं?"

"थट्टा नको गं. मी तुझा जीव धोक्यात घातला. शेवटच्या दिवशी! मी खाली जातो, गुडघे टेकतो—"

"इथं बसा." तिनं त्याचं मनगट धरलं. हात बर्फासारखा गार होता. "मला भीती वाटतेय. फार. आणि तुम्ही खाली जाणार? एकोणचाळीस दिवस, तुम्ही कामावरून घरी आलात तरी, मी दुपारी एकटी जेवले. समोर तुमचं रिकामं ताट. वाटायचं, यांना देवाची मनधरणी करायला वेळ आहे, माझ्यासोबत दोन घास खायला नाही."

"तुझ्यासाठीच तर करत होतो."

"ज्यानं माझ्यासाठी क्रुसावर आपला जीव दिला, तो गाजराच्या तुकड्यावरून माझा घेईल? असा ओळखता त्याला?"

तो खाटेच्या कडेला टेकला. दोन कर्मचारी आले, खाटेचे ब्रेक सुटले. तो शेजारून चालत राहिला. ऑपरेशनच्या खोलीच्या रुंद दारापाशी तिनं कागदातला पाव त्याच्या हातात कोंबला.

"एक कबूल करा. मी बाहेर नाही आले, तरी चमच्याला दोष द्यायचा नाही. आजोबांच्या मरणासारखं हेही आयुष्यभर उरावर घ्यायचं नाही."

"असं बोलू नकोस."

"कबूल करा."

त्यानं तोंड उघडलं, पण आवाज निघाला नाही. दार मिटलं आणि वरचा लाल दिवा लागला.

खाली जाणारा जिना दहा पावलांवर होता. तो दोनदा जिन्यापर्यंत गेला आणि दोनदा परत आला. शेवटी दारासमोरच्या बाकावर बसला. दुपार टळटळीत होती. सूर्य मावळायला चांगले पाच तास होते. "प्रभू," तो पुटपुटला, "माझ्याकडे द्यायला आता काही उरलं नाही. नेमसुद्धा नाही. तिला सांभाळ." एवढीच प्रार्थना. घड्याळ त्यानं पाहिलं नाही.

मग त्यानं कागद सोडला. पावाचा चुरा मांडीवर सांडला. पहिला घास तोंडात घातला तेव्हा आता छत कोसळणार असं त्याला खरोखर वाटलं. छत जागेवर राहिलं. भीतीही जागेवरच राहिली. कोरड्या तोंडानं तो घास घोळवत, दाराकडे बघत तो बसून राहिला, आणि मग थोड्या थोड्या वेळानं एकेक घास.

शेवटचा घास तोंडात असताना लाल दिवा विझला. दाराची कडी वाजली. जीभ घास बाहेर ढकलू लागली.

"कबूल," तो भरल्या तोंडानं म्हणाला. घास थुंकला नाही. गिळला, आणि उघडणाऱ्या दाराकडे चालू लागला.