खांद्याला झेपेल ते

व्हर्नाने कार्बाईनचा दस्ता उजव्या खांद्यात रुतवला, श्वास अर्धा सोडला आणि चाप ओढला. समोर मातीच्या बांधाला टेकवलेल्या पत्र्याच्या पाटीच्या बरीच वर धूळ उडाली. ती धूळ तिने पाहिली नाही. खांद्यातल्या धातूच्या पट्टीपासून कोपरापर्यंत एक कळ गेली, आणि ती जिरेपर्यंत तिने डोळे मिटून घेतले.

मग तिने बंदूक टेबलावर ठेवली, नळी बांधाकडेच राहील अशी.

"वाऱ्याने गेली," ती म्हणाली.

वारा होताच. वायोमिंगच्या त्या पठारावर तो नसतो असा दिवस उजाडत नाही. दुकानदार मार्टिन उरुटीने ती बंदूक उचलून बाजूला ठेवली. त्याचा बाप स्पेनच्या डोंगरातून या मुलखात मेंढ्या राखायला आला होता, आणि मेंढ्यांच्या मागे आयुष्य काढलेल्या बायका दुखतंय असं तोंडाने सांगत नाहीत हे मार्टिनला घरच्याच अनुभवाने माहीत होतं. दुकानामागच्या या मोकळ्या जागेत तो गिऱ्हाइकांना बंदुका चालवून बघू द्यायचा.

हिवाळ्यात लोखंडी फाटक अंगावर पडून व्हर्नाचा खांदा मोडला होता. शस्त्रक्रिया झाली, हाड जुळलं, पण नवऱ्याची मोठी रायफल पुन्हा खांद्याला लावायची नाही असं डॉक्टरांनी बजावलं होतं. इकडे मेंढ्या व्यायला लागल्या होत्या आणि कायोटी कोल्हे दिवसाढवळ्या कुंपणापर्यंत येऊन ओली कोकरं उचलून नेत होते. म्हणून पिस्तुलाच्या काडतुसावर चालणारी आखूड, हलकी कार्बाईन घ्यायचं ठरलं. तिचा पल्ला रायफलीएवढा नसतो, पण गोठ्याच्या दारातून कुंपणापर्यंत पुरतो. आता अडलं होतं ते फक्त कॅलिबरपाशी, म्हणजे गोळी किती जाड हवी त्यापाशी.

रसेलच्या मते त्यात अडण्यासारखं काही नव्हतंच. तो ट्रकच्या बॉनेटला पाठ लावून उभा होता आणि सकाळपासून एकच गोष्ट बोलला होता: पंचेचाळीस घ्या, म्हणजे व्हर्नाने आत्ता चालवली तीच. बाबांचं पिस्तूल पंचेचाळीसचं, त्याच्या काडतुसांच्या पेट्या तळघरात पडून आहेत, आणि बाबा असते तर त्यांनी दुसरं काही हातात धरलं नसतं.

रसेल हा व्हर्नाच्या नवऱ्याचा, हार्लनचा, पहिल्या बायकोपासूनचा मुलगा. आईला जाऊन वर्ष झालं होतं तेव्हा व्हर्ना त्या घरात आली, आणि तो तेव्हा शाळेत होता. त्याने कधी तिला उलट उत्तर दिलं नाही की दार आपटलं नाही. तो तिला नावाने हाक मारायचा आणि बाकी सगळं पाहुण्यांशी बोलावं तसं अदबीने बोलायचा. पोर लहान आहे, होईल हळूहळू, असं हार्लन म्हणायचा. पोराचे केस पिकायला लागले तरी ती अदब काही सुटली नाही. व्हर्नाही जपून राहिली. त्याच्या आईने लावलेले पडदे विरेपर्यंत तिने बदलले नाहीत. टेबलाशी खिडकीकडची, त्याच्या आईची खुर्ची ती रिकामी ठेवायची. वाद होईल असं दिसलं की माघार तीच घ्यायची.

शरद ऋतूत हार्लन गेला. कोळशाच्या खाणीवरचं काम सुटलेलं असल्यामुळे रसेल दफनाला आला तो राहिला. विणीचा हंगाम पार पाडून देतो, मग नेवाडात सोन्याच्या खाणीवर नोकरी लागतेय तिकडे जाईन, असं त्याने पहिल्याच आठवड्यात सांगून टाकलं होतं. व्हर्नाने तो विषय पुन्हा कधी काढला नाही. विचारलं तर त्याला वाटेल, मी जायची वाट बघते आहे. आणि राहा म्हणावं, तर तेवढा हक्क आपला आहे का, हे तिला ठरवता येत नव्हतं.

मार्टिनने दुसरी पुढे केली. ही जुन्या पद्धतीची, दर गोळीला चापाखालचा खटका खाली ओढून भरायची, तीनशे सत्तावन्नची. तिचा धक्का सोसण्यासारखा होता. पण प्रत्येक गोळीनंतर खटका ओढताना व्हर्नाचा हात मध्येच थांबत होता.

"पहिली चुकली तर कायोटी तुझी वाट बघत थांबायचा नाही, व्हर्ना," मार्टिन म्हणाला. "आमचा म्हातारा असता तर त्याने काठीच घ्यायला सांगितली असती."

ती हसली आणि तिसरी बंदूक तिने आपणहून उचलली. ही नऊ मिलिमीटरची. काळी, साधी, नजरेत भरेल असं तिच्यात काही नव्हतं. तिने चाप ओढला तेव्हा कुणी मागून येऊन खांद्यावर थाप मारावी एवढंच जाणवलं. पत्र्याची पाटी टणकन वाजली. तिने पुन्हा ओढला, पुन्हा वाजली. मग ती थांबलीच नाही. मॅगझिन संपलं तेव्हा तिच्या लक्षात आलं की या खेपेला आपण डोळे मिटलेच नव्हते.

रसेल ट्रकपासून दोन पावलं पुढे आला होता.

"बाबा नऊला खेळणं म्हणायचे," तो म्हणाला.

व्हर्नाने बंदूक खाली ठेवली. एरवी तिने इथेच मान डोलावली असती. पंचेचाळीस बांधून घेतली असती, घरी जाऊन खांद्याला बर्फ लावला असता आणि रसेलला त्याचा पत्ताही लागू दिला नसता. तिने तळहात पँटला पुसले.

"हार्लनचा खांदा माझ्याकडे नाही, रसेल. मला जिने मारता येईल ती हवी. हीच दे, मार्टिन."

मग ट्रक घराकडे निघाला. बिगहॉर्नच्या डोंगरांवर अजून बर्फ होतं आणि खाली रस्त्याकडेचं गवत कुठे कुठे हिरवं धरत होतं. रसेल समोर बघून चालवत होता. आपण त्याला त्याच्या बापावरून दुखावलं, असं व्हर्नाला वाटत राहिलं. तरी माफी मागावी असं मात्र वाटलं नाही, आणि याचं तिचं तिलाच नवल वाटलं.

त्यानंतरचे काही दिवस कामात गेले. रसेल नेहमीसारखा वागत होता, थोडं कमी बोलत होता एवढंच. ती सकाळी गोठ्याकडे जाताना कार्बाईन खांद्याला अडकवायची, आणि तो तिच्याकडे एकदा बघून बादल्या उचलायचा.

एके दिवशी दुपारी एक पहिलटकरीण मेंढी उघड्यावरच अडली. कोकराचं डोकं मागे वळलेलं होतं. रसेल चिखलात गुडघे टेकून, बाही खांद्यापर्यंत सारून, हात आत घालून ते डोकं सरळ करत होता. व्हर्ना मेंढीची मान धरून बसली होती. वाऱ्यामुळे पलीकडचं काही ऐकू येत नव्हतं. रसेलनेच आधी मान वर केली.

ओहोळाच्या काठाने एक कायोटी खाली वाकून येत होता. घाई नव्हती त्याला. कुंपणाच्या तारेखालची खळगी त्याला माहीत होती, आणि खळगीच्या अलीकडे सकाळी जन्मलेली दोन जुळी उन्हात झोपली होती.

रसेलने हात बाहेर काढला नाही. काढला असता तर कोकरू गेलं असतं.

"डावीकडे," तो हळूच म्हणाला. "व्हर्ना, तू मार."

तिने मेंढीची मान सोडली आणि उठून कार्बाईन खांद्याला लावली. पहिली गोळी कायोटीच्या पुढ्यात मातीत गेली. तो दचकून वळला, क्षणभर आडवा उभा राहिला, आणि दुसरी त्याला लागली. तो बसल्यासारखा खाली गेला आणि उठला नाही. जुळी कोकरं आईकडे पळाली. व्हर्ना आणखी थोडा वेळ तशीच नेम धरून उभी होती.

मागून रसेलने दम टाकला. कोकरू बाहेर आलं होतं, पिवळंजर्द आणि निपचित. त्याने त्याच्या नाकातोंडातला चिकटा बोटाने काढला, गवताच्या मुठीने छाती चोळली, मागचे पाय धरून झुलवलं. कोकरू शिंकलं. मेंढी वळली आणि त्याला चाटायला लागली.

रसेल पंपाखाली हात धुऊन आला आणि ती टेकली होती त्या कुंपणाच्या खांबाला येऊन टेकला. खांदा कसा आहे, असं त्याने विचारलं. ठीक आहे, असं ती म्हणाली, आणि ते खरं होतं.

थोड्या वेळाने तो ओहोळाकडे बघतच म्हणाला, "माझं पिस्तूलही नऊचंच आहे. पहिल्या पगारातून घेतलं होतं. बाबांनी जेवणाच्या टेबलावर सगळ्यांसमोर हातात घेऊन फिरवून बघितलं, आणि हसले. त्यानंतर मी ते इथे कधी आणलं नाही."

व्हर्नाला ते जेवण आठवलं. त्या दिवशी भाजीचं भांडं उचलून आपण स्वयंपाकघरात गेलो होतो, हेही आठवलं.

"मी तेव्हा काही बोलले नाही," ती म्हणाली.

"मीही नाही बोललो."

मेंढी घशातल्या घशात कोकराशी बोलत होती. ते पुढच्या पायांवर उठू बघत होतं आणि कलंडत होतं.

"पुढल्या खेपेला उरुटीकडून काडतुसांचं मोठं खोकं आणू," रसेल म्हणाला. "दोघांना पुरेल असं. वर डोंगरातल्या कुरणात नेल्यावर लागेल. तिथे झाडी दाट आहे, तू एकटी किती ठिकाणी बघणार."

डोंगरातलं कुरण म्हणजे जुलै उजाडला, विणीचा हंगाम कधीच संपलेला. व्हर्नाने चटकन त्याच्याकडे पाहिलं नाही. जे इतके दिवस विचारायचं टाळलं होतं ते तिने आता साध्या आवाजात विचारलं.

"आणि नेवाडा?"

"रविवारीच फोन करून येत नाही म्हणून सांगितलं त्यांना," तो म्हणाला, आणि ती तारेखालची खळगी बुजवायला फावडं आणायला गेला.