सात घरांची बनुबाई

रस्ता रुंद करताना तिसगावच्या अलीकडच्या एका गावात जेसीबीने चार घरं पाडली, त्यांतलं एक बनुबाईचं. बाकीचे तिघे लेकरांकडे गेले. बनुबाईला ना लेकरू, ना नवरा उरलेला. पण गावाने तिला वाऱ्यावर सोडलं नाही. पूर्वी शिकायला आलेल्या पोरांचे जेवणाचे वार लावायचे, तसे बायकांनी तिचे वार लावून घेतले. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या, गुरुवारी सुरेखाकडे, रविवारी रेबेकाबाईंकडे. ज्या घरी वार, तिथंच जेवायचं आणि तिथंच निजायचं.

याला आता आठ महिने झाले. कुणी एक वार चुकवला नाही की तोंड वाकडं केलं नाही. बनुबाईला म्हणाल तर काही कमी नव्हतं, आणि म्हणाल तर तिला काही वाटतच नव्हतं. पाडलेल्या जागेवरून जाताना रडू यायला हवं होतं, तेही येत नव्हतं. दाढ काढल्यावर जबडा बधिर होतो तशी ती आतून झाली होती.

घरकुलाच्या पाहणीला माणूस येणार, हे रेबेकाबाईंनी रविवारी सांगितलं. त्या मिशनच्या शाळेतल्या निवृत्त शिक्षिका. अर्धा गुंठा जागा द्यायला ग्रामपंचायत तयार होती, फक्त बनुबाईचं नाव यादीत लागायला हवं होतं. यादी बेघरांची. मग रेबेकाबाईंनी तिच्याकडून धड्यासारखं घोकून घेतलं: मला घर नाही, मी लोकांच्या घरी राहते. बनुबाईने चार वेळा न चुकता म्हणून दाखवलं.

पाहणीवाला हर्षल आला तो नेमका गुरुवारी, आणि पाहणीचा तो शेवटचा दिवस. बनुबाई सुरेखाच्या ओट्यावर शेंगा फोडत बसली होती. मोबाईलमधले रकाने भरत त्याने विचारलं, मावशी, राहता कुठं. बनुबाई तोंड उघडणार तोच सुरेखा चहा घेऊन बाहेर आली.

"कुठं म्हंजे? हितंच ऱ्हाती. आमच्या घरचीच हाय ती."

तेवढ्यात शेजारच्या दोघीतिघी जमल्या आणि चढाओढच लागली. बुधवारवाली म्हणाली, माझ्याकडे तर तिला वेगळी खोली आहे. शुक्रवारवालीने विचारलं, आम्ही जिवंत असताना ती बेघर कशी? बाहेरच्या माणसासमोर आपली म्हातारी बेघर म्हणून लिहून द्यायची, म्हणजे सगळ्या आळीच्या तोंडाला काळं. बिचाऱ्या खोटं एक अक्षर बोलत नव्हत्या.

हर्षल गोंधळला. त्याला बनुबाईचं स्वतःचं म्हणणं लिहायचं होतं. त्याने फोन खाली घेतला.

"मावशी, तुम्ही सांगा. घर आहे का नाही तुम्हाला?"

सगळ्या तिच्याकडे वळल्या. घोकलेलं वाक्य बनुबाईच्या जिभेवर होतं. समोर सुरेखा उभी होती. तापात फणफणताना हिनेच तिचं अंग पुसून काढलं होतं. हिच्याच ओट्यावर बसून घर नाही म्हणायचं, म्हणजे खाल्ल्या घरचे वासे मोजायचे. भीड भिकेची बहीण म्हणतात ते उगीच नाही.

"हाय की," बनुबाई म्हणाली. "सात हायेत."

सगळ्या हसल्या. हर्षलही हसला, फोनवर बोट टेकवलं आणि पुढच्या आळीला निघून गेला. यादीबरोबर घरकुलही तिथंच हातचं गेलं, हे तिथं फक्त बनुबाईला ठाऊक होतं.

सांजच्याला सुरेखाने तिला आग्रहाने दुसरी भाकरी वाढली.

"बेघर म्हनून तुजं नाव लागू दिलं न्हाई बघ, आक्का," ती समाधानाने म्हणाली.

बनुबाईने भाकरी कालवणात कुस्करली. बरं केलंस, असं ती म्हणाली. आणि आपल्याला खरंच तसं वाटतंय का, हे तिचं तिलाच कळलं नाही.