अकरा नंबरची चिठ्ठी

“सकाळी एक तास तोंड मिटून बस, बाळ. दिवसभर दुखणाईतांशी बोलायचंय तुला. आधी मनातला गाळ खाली बसू दे.”

ताई नर्स म्हणून कामाला लागल्या तेव्हा आईने हे सांगितलं होतं. पुढे आई गेली, घरात घासायला एकच ताट उरलं, आणि ताईंनी ते सांगणं व्रतासारखं धरलं. सात ते आठ मौन. ताप असो, पाहुणा असो, बारा वर्षांत खंड नाही. सातलाच त्या वॉर्डात येऊन बसत आणि साडेसातला रात्रपाळीकडून चार्ज घेत, तोही मुक्यानेच. वॉर्डात त्यांचं नावच पडलं होतं, ‘आठनंतर’.

“ताईंना विचार की.”

“अगं, त्या आठनंतर!”

सगळ्या हसायच्या, ताईही हसायच्या. थट्टेत का होईना, कोणीतरी आपली आठवण काढतंय, एवढंही त्यांना पुरायचं.

त्या साडेसातलाच मोठ्या सिस्टरांचा दरबार भरे. रात्रपाळीवालीने टेबलासमोर उभं राहून एकेका पेशंटची हकिगत सांगायची. बाकीच्या भराभर सांगून सुटत. चार महिन्यांपूर्वी आलेली नवी मात्र तावडीत सापडायची.

“बोला राणीसाहेब! का आमंत्रण पाठवू?”

“सिस्टर, सहा नंबरला रात्री...”

“रात्री तू झोपली होतीस, ते माहितेय आम्हाला. पुढे बोल.”

अशा वेळी सगळ्यांना एकदम कामं सुचायची. कोणी थर्मामीटर मोजी, कोणी कोऱ्या कागदावर रेघा ओढी. चष्मेवाली सिस्टर चष्मा काढून पुसत बसे. चष्म्याशिवाय तिला समोरचं दिसत नसे, आणि तेच तिला हवं असे. मावशी बादली उचलून बाहेर पडत. ताई मौनात. त्यांचं सगळ्यांत सोयीचं होतं. त्या का बोलत नाहीत, हे त्यांना कोणी विचारणारच नव्हतं.

मंगळवारी चार्ज देण्याआधी नवीने ताईंपुढे आपली चिठ्ठी धरली. “ताई, एकदा नजर टाकता? काही राहिलं नाही ना?”

ताईंनी वाचली. अकरा नंबरची बाई पहाटेच दाखल झाली होती. तिला एका इंजेक्शनची अॅलर्जी आहे, असं तिच्या मुलीने सांगितलं होतं. गडबडीत ते केसपेपरवर चढवायचं राहिलं होतं, पण चिठ्ठीत ते लिहिलेलं होतं, अकराच्या आकड्याखाली दोन रेघाही होत्या. ताईंनी मान हलवली. सगळं बरोबर.

नवी टेबलासमोर उभी राहिली आणि मोठ्या सिस्टरांनी तिच्या हातातली चिठ्ठी ओढूनच घेतली.

“परीक्षेतही अशीच पास झालीस वाटतं? तोंडाने सांग.”

चिठ्ठीचे चार तुकडे कचऱ्याच्या डब्यात गेले. नवीचे कान लाल झाले. सहा, सात, आठ नंबर कसेबसे झाले. “आणि अॅलर्जी... नऊ नंबरला, सिस्टर.”

“नऊ की नव्वद? नक्की सांग!”

“नऊ.”

हे चूक आहे, हे त्या खोलीत एकट्या ताईंना माहीत होतं. त्यांनी घड्याळ पाहिलं. सात चाळीस. वीस मिनिटांचा तर प्रश्न, आठला सांगते, असं मनाशी म्हणत त्या चादरी बदलायला वॉर्डाच्या टोकाला गेल्या.

सात पन्नासला चष्मेवालीने अकरा नंबरला इंजेक्शन दिलं.

बाईच्या अंगावर गांधी उठल्या, ओठ सुजले, श्वास अडकला. डॉक्टर धावत आले. दुपारपर्यंत ती उठून बसली, चहा मागू लागली, तेव्हा वॉर्डाच्या जिवात जीव आला. ताईंच्या आला नाही. त्यांच्या खिशाला पेन होतं. बोलायचं नव्हतं, पण लिहायला कोणी मनाई केली होती?

दुसऱ्या दिवशी साडेसातला मेट्रनबाईंच्या ऑफिसात चौकशी ठरली. नवीने नऊ सांगितलं, एवढंच कागदावर आलं होतं. कचऱ्याचा डबा केव्हाच रिकामा झाला होता. नवी अजून नोकरीत कायम नव्हती. चूक तिच्या नावावर लागली की तिला घरी बसावं लागणार, हे सगळ्या जाणून होत्या.

“चिठ्ठी फाडलेली तू पाहिलीस ना गं?” डबा खाताना ताईंनी चष्मेवालीला विचारलं.

“मी चष्मा पुसत होते बाई. आणि तुम्हीही कशाला मध्ये पडता? ती पोर आज आहे, उद्या नाही. मोठ्या सिस्टर मात्र जन्मभर आपल्या उरावर.”

थोड्या वेळाने मोठ्या सिस्टर आपण होऊन जवळ आल्या. आवाजात साखर. “ताई, उद्याच्या यादीत तुमचं नाव घातलं नाही बरं का. सकाळी तुमचं मौन. देवाधर्माच्या आड आपण कशाला यायचं?”

ताईंना सुटल्यासारखं वाटलं. आणि तसं वाटलं, याचीच मग लाज वाटली.

नवीला जबाब द्यायला बोलावून घेतलं होतं. ड्युटी संपवून ताई निघाल्या तेव्हा ती कपड्यांच्या खोलीत धुतलेल्या चादरींच्या गठ्ठ्यावर बसलेली दिसली.

“ताई, तुम्ही वाचली होती ना चिठ्ठी? मी अकराच लिहिलं होतं ना? आता माझा मलाच भरवसा वाटेना.”

“अकराच होतं. खाली दोन रेघाही होत्या.”

नवीने डोळे मिटून घेतले. मग अगदी हळू म्हणाली, “तेव्हा का नाही बोललात?”

तिच्या आवाजात राग नव्हता. ताईंपाशी उत्तर होतं, बारा वर्षं सगळ्यांना पटत आलेलं. ते त्यांना तोंडावर आणवेना.

“चुकलं माझं,” त्या म्हणाल्या. “उद्या मी येते साडेसातला. चिठ्ठीचं सांगेन, फाडल्याचं सांगेन, आणि मला माहीत असून मी गप्प बसले, तेही सांगेन.”

“पण तुमचं मौन?”

“ते मी आणि देव बघून घेऊ.”

हे बोलणं सोपं गेलं. घरी आल्यावर जड झालं. कोणाला सांगावं, तर चार भिंती. उद्यापासून डबा एकटीनेच खावा लागणार. ‘आठनंतर’ म्हणून हसायलाही कोणी जवळ येणार नाही. त्यांनी भाताचं पातेलं उतरवलं, दोन घास खाल्ले आणि उरलेलं झाकून ठेवलं.

सकाळी नेहमीसारखं स्नान झालं, देवापुढे दिवा लागला. एरवी त्या म्हणत, व्रत तडीला जाऊ दे. आज काय मागावं ते सुचेना. हात जोडून नुसत्याच बसून राहिल्या. रडू आलं नाही, धीरही आला नाही. आज सात घरीच वाजले.

“चिठ्ठीवर अकरा नंबर होता,” त्या मोठ्याने म्हणाल्या.

आवाज घोगरा निघाला, भलत्याच कोणाचा तरी वाटला. त्यांनी पाण्याचा घोट घेतला, पुन्हा एकदा म्हणून पाहिलं. या खेपेला जरा बरा लागला. पदराचं टोक नीट खोचून त्यांनी चपला पायात सरकवल्या, दार ओढून घेतलं आणि कठड्याला धरून त्या जिना उतरू लागल्या.