चिइबाल म्हणजे चावा

कानुल कुटुंबाच्या अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. बायका दगडी कुंपणावर चढून बसल्या होत्या, पुरुष चिकूच्या झाडाखाली माना उंचावून उभे होते. सगळ्यांचे डोळे बाल्तासारबुवाच्या हातातल्या अंड्यावर.

बुवाने ते अंडं बाळाच्या छातीवरून फिरवलं, मग जन्मापासून दुभंगलेल्या ओठावरून. धुपाच्या धुराने बाळ खोकलं. बुवाने पाण्याच्या भोपळ्याच्या पात्रात अंडं फोडलं आणि बलकातून एक काळा, टोकदार दात निसटून तळाशी गेला.

"आई गं!" बायकांनी क्रुसाची खूण केली.

"बघा, नीट बघा!" बुवा गरजला. "ग्रहणात ज्याने सूर्याचा लचका तोडला, त्याचाच हा दात! एवढा सूर्य खाल्ला तरी मेल्याचं पोट भरलं नाही, म्हणून या लेकराच्या ओठाला लागला. आपल्या माया पूर्वजांनी ग्रहणाला नाव काय दिलंय? चिइबाल. चिइबाल म्हणजे काय?"

"चावा!" लोक ओरडले.

"चावत नसता तर म्हातारे चावा म्हणाले असते? ते काय खुळे होते?"

"अजून किती दात आहेत हो आत?" बाळाची आजी फेलिसियाना हात जोडून म्हणाली.

"आहेत. घशाकडे सरकतायत. म्हणून सांगतो, डॉक्टरचं लोखंड ओठाला लागू देऊ नका. लोखंड लागलं की दात थेट काळजात!"

बाळाची आई रेइना दोरांच्या झोपाळ्यात बसून होती, मान खाली. सगळ्या गावाला तिचा गुन्हा ठाऊक होता. ती गरोदर असताना ग्रहणाच्या दुपारी तिला पोटावर लाल फीत बांधून घरात कोंडलं होतं, पण वाळत घातलेल्या मक्यावर कोंबड्या तुटून पडल्या म्हणून ती धावत अंगणात आली. "मूठभर मक्यासाठी माझ्या नातवाचा ओठ घालवला," असं सासू रोज तिला ऐकवायची, आणि रेइनाला ते पटलेलं होतं.

तेवढ्यात गर्दीतून वाट काढत अदी आली. ही रेइनाची थोरली बहीण, शहरातल्या शाळेत शिक्षिका. बाळाला ती पहिल्यांदाच पाहत होती. तिने त्याला उचललं. बाळाला वजनच नव्हतं.

"दूध पितो का गं हा?"

"नाकातून परत येतं, ताई."

"कधीपासून?"

"जन्मापासून. बुवा म्हणाले, दात निघाले की पिईल."

अदीने बाळाला बहिणीच्या कुशीत दिलं आणि बुवाच्या टोपलीतलं एक अंडं उचलून घेतलं.

"ए बाई, ठेव ते! त्याला उपासाशिवाय हात लावायचा नसतो!"

"मी सकाळपासून काही खाल्लेलं नाही," अदी म्हणाली. अंडं बाळाला न लावता ती सरळ चुलीपाशी गेली, मातीच्या तव्यावरून अंडं फिरवलं आणि सगळ्यांसमोर पाण्यात फोडलं.

काळा दात तळाशी जाऊन बसला.

"काय बुवा, तव्यालाही चावलं वाटतं?"

कुंपणावर कुणीतरी फिस्सकन हसलं. बुवा म्हणाला, "याच घरातला तवा तो! बाधा पसरली!"

"बरं." अदीने आणखी एक अंडं घेतलं, चुलीवरच्या कढत पाण्यात बुडवलं आणि वर काढून पुरुषांच्या नाकासमोर धरलं. बुडाशी चुन्याने रंगवलेलं मेण वितळून ओघळत होतं. खाली बारीक भोक दिसलं. तिने बोटाने कवच दाबलं. आतून निघालेला तुकडा एका म्हाताऱ्याने नखाने खरवडून पाहिला.

"करवंटी आहे ही," तो हळूच म्हणाला. "घासून टोक काढलंय."

बुवा टोपली उचलायला वाकला, पण दोघा-तिघांनी ती आधीच पायाखाली घेतली होती.

म्हातारा मात्र अदीकडे वळला. "हा लबाड आहे, कबूल. पण शब्द तर आपला आहे, पोरी. तू आपल्या भाषेला खोटं म्हणणार?"

"नाही, आजोबा. अर्धी खाल्लेली भाकरी दिसावी तसा सूर्य दिसला, म्हणून आपल्या लोकांनी चावा म्हटलं. किती सुंदर म्हटलं! स्पॅनिशमध्ये आपण एक्लिप्से म्हणतो, तो मूळचा ग्रीकांचा शब्द. त्याचा अर्थ सोडून जाणं. त्यांना वाटलं, सूर्य आपल्याला टाकून गेला. हिंदुस्थानात ग्रहण म्हणतात, म्हणजे पकडणं. आता तुम्हीच सांगा, एकच सूर्य चावला गेला, पळून गेला, की पकडला गेला? ज्याला त्याच्या अंगणातून जसं दिसलं तसं त्याने नाव ठेवलं. मधे येतो तो चंद्र. त्याला ना तोंड, ना दात. रेइना, ऊठ. आपण दवाखान्यात जातोय."

कुणीतरी गाडी काढली.

शहरातल्या डॉक्टरीणबाईंनी बाळाला तपासलं. नळीने दूध घातलं, प्राणवायू लावला. मग त्या दोघी बहिणींजवळ येऊन बसल्या. "टाळूही दुभंगलेली आहे, म्हणून दूध फुप्फुसात गेलंय. बरेच दिवस जात असणार. अशा बाळांना वेगळ्या बाटलीने, बसतं धरून पाजतात. पुढे ओठ शिवता येतो. पण हा फार थकलाय."

"माझ्यामुळे झालं," रेइना म्हणाली. "सातव्या महिन्यात मी ग्रहणात बाहेर गेले."

"बाई, ओठ जुळायचा तो दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यापर्यंत पोटातच जुळतो. सातव्यात तू बाहेर गेलीस, तेव्हा तो ओठ कधीचा तसाच होता. तुझ्या हातून काही झालेलं नाही."

रेइनाने बाळाचं बोट आपल्या मुठीत धरलं.

बाळ दुसऱ्या दिवशी दुपारी गेलं.

परत येताना छोटी पेटी रेइनाच्या मांडीवर होती. गाव जवळ आलं तेव्हा तिने विचारलं.

"ताई, मी बाहेर गेले म्हणून नाही ना?"

"नाही गं."

"मग आधीच नेलं असतं तर?"

खोटं बोलणं सोपं होतं. अदीच्या ओठांपर्यंत ते आलंही.

"बहुतेक वाचला असता," ती म्हणाली.

रेइनाने पेटीवर गाल टेकला आणि म्हणाली, "मला तो चावाच बरा होता गं, ताई." अदीने बहिणीचा हात धरून ठेवला.

बाळासाठीच्या नऊ दिवसांच्या प्रार्थना चालू असताना एका संध्याकाळी शेजारची विल्मा सासूसोबत आली. तिचे दिवस भरत आले होते. तिची सासू फेलिसियानाच्या कानाशी लागली. "म्हणे दुसऱ्या गावात एक बुवा आलाय. आधीच बंदोबस्त करतो, अंडी नाही वापरत, लिंबू वापरतो."

फेलिसियाना काही बोलायच्या आत रेइना उठली. इतक्या दिवसांत ती बायकांच्या घोळक्यात बोलली नव्हती. दूध अजून येत होतं, तिच्या पोलक्याचा पुढचा भाग ओला होता.

"मावशी, माझ्याकडे बघा," ती म्हणाली. "माझं पोर चंद्राने मारलं नाही, सूर्याने मारलं नाही. ते भुकेनं आणि छातीत दूध जाऊन गेलं. बुवा अंडी फोडत होता आणि आपण सगळे, मीसुद्धा, बघत बसलो होतो. बाळ दूध पीत नव्हतं, हे मला दिसत होतं. पण माझ्या डोळ्यांवर विश्वास ठेवायचा सोडून मी बुवाच्या तोंडाकडे बघितलं. तुम्ही तसं करू नका. जे दिसतं ते बघा, नाही कळलं तर विचारा, आणि ज्याला विचारलेलं चालत नाही त्याला दाराबाहेर काढा."

फेलिसियानाने शालीचं टोक डोळ्यांना लावलं.

"उद्या सकाळी दवाखान्याची गाडी आहे," रेइना विल्माला म्हणाली. "तपासून घे. एकटीला भीती वाटत असेल तर मी येते."

विल्माने सासूकडे न बघता होकाराची मान हलवली.