उलट्या व्हॉल्वचे बावीस फेरे

मित्रांनो, तो दिवस इतका साधा होता की त्यात लक्षात ठेवण्यासारखं काहीच नव्हतं. म्हणूनच बहुधा मला तो सगळाच्या सगळा आठवतो. चावीवाल्यांनी मला दाराआडून काढलं, खांद्यावर टाकलं आणि आम्ही फेरीला निघालो. अकरा गल्ल्यांचं पाणी सोडलं, वेळ झाली तसं बंद केलं. एका गल्लीत एक म्हातारी वाट अडवून उभी होती. तिच्या नळाला धार येत नव्हती. चावीवाल्यांनी मला अर्धा फेरा जास्त दिला आणि म्हणाले, "आजी, आता तक्रार करायची पाळी शेजारच्यांची." म्हातारी हसली. घरी आल्यावर त्यांनी तेलाच्या फडक्यानं मला पुसलं आणि जागेवर उभं केलं. संध्याकाळी त्यांची मुलगी दवाखान्यातून आली. ते म्हणाले, "उद्या माझा डबा नको. अर्धाच दिवस आहे."

ती म्हणाली, "बरं."

तीन आठवडे त्या घरात याहून लांब बोलणं झालं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी चावीवाले उठले नाहीत. ती चहा घेऊन हाक मारायला गेली तेव्हा त्यांचा हात गार पडला होता. मी दाराआडून सगळं पाहत होते.

आता मी कोण ते सांगते. मी पाणी सोडायची एक जुनी लोखंडी चावी आहे. खिशात मावणारी नव्हे. मी माणसाच्या खांद्याइतकी उंच. वर दोन्ही हातांनी धरायची आडवी दांडी, खाली चौकोनी पोकळ तोंड. रस्त्यात लोखंडी झाकणं असतात ना, त्यांच्याखाली खड्डा असतो आणि खड्ड्यात व्हॉल्व. त्याच्या डोक्यावर माझं तोंड बसवून फिरवलं की तुमच्या नळाला पाणी येतं. पाणीपुरवठा खात्याच्या लोहारानं मला भट्टीत तापवून घडवलं. पहिल्या दिवशी मी ज्यांच्या हाती गेले, त्यांच्याच हाती एकतीस वर्षं राहिले.

काम दिसायला सोपं. पण व्हॉल्व एकदम उघडला तर पाइपात कोंडलेली हवा धडकते आणि पाइप फुटतो. म्हणून फेरे मोजून, थांबून थांबून द्यायचे. कोणत्या व्हॉल्वला किती फेरे, हे कुठे लिहिलेलं नव्हतं. ते चावीवाल्यांच्या डोक्यात होतं. त्यात एक व्हॉल्व जगावेगळा. गावातले सगळे डावीकडे फिरवले की उघडतात. दवाखान्याच्या लाइनचा तेवढा उजवीकडे उघडतो. फार पूर्वी कोणीतरी दुसऱ्या बनावटीचा आणून बसवला आणि तो तसाच राहिला. त्याच्या झाकणावर खुणेचा पत्रा लावा, असं चावीवाल्यांनी खात्याच्या साहेबांना कितीदा सांगितलं. साहेब म्हणायचे, "तुम्ही आहात ना."

त्यांची मुलगी लहान असताना तिची आई गेली. पोरीला घरी एकटी कुठे ठेवायची? शाळेला सुट्टी असली की ती आमच्याबरोबर यायची. मी त्यांच्या खांद्यावर, ती बोटाला. लोक विचारायचे, पोरं किती? ते म्हणायचे, "दोन. ही थोरली आणि ही धाकटी. थोरली कमावते, धाकटी खाते." धाकटी रुसायची आणि मग खड्ड्याच्या कडेला उकिडवी बसून मोठ्यानं फेरे मोजायची. तेव्हापासून मीही तिला धाकटीच म्हणते.

धाकटी शिकली. त्याच लाइनवरच्या खासगी दवाखान्यात बाळंतिणींच्या खोल्यांवर नर्स झाली. ज्या दिवशी तिनं पहिल्यांदा पांढरे कपडे घातले, त्या दिवशी चावीवाल्यांनी वाट वाकडी करून मला त्या दवाखान्यावरून नेलं. कारण काहीच नव्हतं.

मग संप आला.

मित्रांनो, संप म्हणजे काय ते तुम्ही मोठ्यांच्या तोंडून ऐकलं असेल, आणि बहुतेक वेळा चिडलेल्या आवाजात ऐकलं असेल. पाणीखात्याच्या माणसांचा पगार नऊ वर्षं वाढला नव्हता. दरवर्षी पुढच्या वर्षी बघू म्हणत होते. चावीवाल्यांच्या चपलांचे अंगठे पुन्हा पुन्हा तुटून, मिळेल त्या चामड्यानं शिवून तीन रंगांचे झाले होते. मी लोखंड आहे, न्यायनिवाडा माझ्या आवाक्यातला नाही. मी फक्त पाहिलेलं सांगते. नळाखाली रिकामी बादली ठेवून बसलेल्या बाईचा राग खोटा नव्हता. आणि तीन रंगांचे अंगठेही खोटे नव्हते.

संघटनेचा सेक्रेटरी भांडायला पटाईत, म्हणून सगळे त्याला वकील म्हणायचे. त्यानं दोन गोष्टी ठरवून घेतल्या. पहिली, दवाखान्यांच्या लाइनी संपाआधीच पूर्ण उघडून ठेवायच्या. दुसरी, त्यानंतर संप मिटेपर्यंत कोणीही चावीला हात लावायचा नाही. चावीवाल्यांनी आदल्या दिवशी दवाखान्याचा व्हॉल्व स्वतः उघडला आणि मला दाराआड उभं केलं. पाच दिवस मी तिथेच होते. ते रोज संपाच्या मांडवात जाऊन बसायचे.

सहाव्या दिवशी धाकटी भर दुपारी घरी आली. तिच्या दवाखान्यात सकाळपासून नळ कोरडे होते. तीन बाळंतिणी, पैकी एक आदल्या रात्रीची. बाळाला बाटलीतल्या पाण्यानं पुसून घेतलं होतं. त्या बाळाची आजी सगळ्यांसमोर धाकटीला म्हणाली होती, "हिच्याच बापानं बंद केलंय. आणि ही आम्हाला हात धुवायला शिकवते." तो घाव घेऊन ती तशीच आली होती. चावीवाले जेवायला बसत होते.

ती म्हणाली, "लोकांचं पाणी अडवून पगार मागता. लाज नाही वाटत?"

ते म्हणाले, "दवाखान्याचं पाणी बंद नाही. मी स्वतः सोडून आलोय."

"मग काय मी खोटं बोलते? की ती बाळं खोटं रडतायत?"

एवढं बोलून ती आल्या पावली परत गेली. चावीवाल्यांनी ताटावर ताट झाकलं. मग त्यांच्या लक्षात आलं असावं, कारण एकदम उठले आणि त्यांनी मला उचललं.

घडलं होतं ते असं. साहेबांनी ठेकेदाराची माणसं आणली होती आणि त्यांना दुसऱ्या चाव्या दिल्या होत्या. दवाखान्याला भरपूर पाणी मिळावं म्हणून त्यांनी तो व्हॉल्व आणखी उघडायला घेतला. सगळे उघडतात तसा डावीकडे फिरवला, पार घट्ट होईपर्यंत. आपण उघडला, अशा समाधानानं ते निघून गेले. बंद करून गेले होते.

दवाखान्याची वाट मांडवासमोरूनच जाते. आडरस्त्यानं जाता आलं असतं, पण ते मला खांद्यावर घेऊन सरळ गेले. मांडवातली बडबड थांबली. कोणीतरी म्हणालं, "काय, थोरलीला फिरायला नेताय का?" कोणी हसलं नाही. वकील उठून उभा राहिला. चावीवाले म्हणाले, "पाणी बंद आहे तिथलं. आलोच." वकिलाला ते खरं वाटलं नाही. लाइन उघडी आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणून हा बहाणा करून ते साहेबांच्या कामाला चाललेत, असंच सगळे समजले.

त्यांनी उजवीकडे फेरे दिले. मोजणी चुकली नाही. पाइपात पाणी सरकल्याचा आवाज पहिल्यांदा मलाच कळतो. तो आला. दवाखान्याच्या खिडक्यांतून बायका ओरडल्या, पाणी आलं, पाणी आलं. त्यांत धाकटीचाही आवाज होता. चावीवाल्यांनी वर पाहिलं, झाकण लावलं आणि निघाले.

त्या दिवसापासून मांडवात त्यांना फितूर म्हणू लागले. चहा यायचा, त्यांच्यापर्यंत येईतो किटली संपलेली असायची. दहाव्या दिवशी संप मिटला. मागितलं त्यातलं थोडं मिळालं. घरी धाकटी बोलत नव्हती आणि त्यांनीही चकार शब्द काढला नाही. तिला वाटत राहिलं की पाणी साहेबांच्या माणसांनी सोडलं. का सांगितलं नाही, ते मला माहीत नाही. विचारलं असतं तर सांगितलं असतं, एवढं मी त्यांना ओळखते. मित्रांनो, माझं तुमच्यापाशी एकच मागणं आहे. मला गंज चढू देऊ नका, असं मी म्हणणार नाही. गंज घासून निघतो. पण ज्याच्या हातून तुमच्या घरात पाणी येतं, दिवा लागतो, कचरा उचलला जातो, तो एखाद्या दिवशी हात बांधून बसला तर रागावण्याआधी त्याला विचारा, काय झालं? तो घरातला असेल तर त्याच दिवशी विचारा.

दिवस-कार्य उरकल्यावर खात्याचं पत्र आलं. चावी सरकारी आहे, भांडारात जमा करावी. धाकटीनं मला उचललं. खांद्यावर घेता येईना, तिनं मला कवेत धरून नेलं. भांडारात भांडारपाल होता, खात्यातले दुसरे चार चावीवाले होते आणि वकील होता. त्यानं तिच्यापुढे स्टूल सरकवलं. बराच वेळ घसा खाकरून तो म्हणाला, "पोरी, या वेळी विचारू नये. पण दवाखान्याचा व्हॉल्व उलटा आहे एवढंच आम्हाला कळलंय. फेरे किती, ते कोणालाच ठाऊक नाही."

"उलटा आहे ते लहानपणापासून माहीत आहे मला," ती म्हणाली. मग थांबली. "पण तुम्हाला कधी कळलं?"

"काल. ठेकेदाराचा माणूस चहाच्या टपरीवर सांगत होता, त्या व्हॉल्वला डावीकडे कितीही फिरवा, पाणी काही वाढत नाही. तेव्हा डोक्यात उजेड पडला. संपात त्यांनीच बंद केला होता तो. तुझे बाबा सोडायला गेले, ते खरंच सोडायला गेले होते. आम्ही त्यांना नको नको ते बोललो."

धाकटीची बोटं माझ्या दांडीवर, जिथे तिच्या बाबांच्या हातांनी लोखंड गुळगुळीत झालं आहे, तिथे घट्ट आवळली. भांडारपालानं सहीचा कागद पुढे केला होता, तो त्यानं हळूच मागे घेतला.

"बावीस," ती म्हणाली. "उजवीकडे बावीस. सातव्याला थांबायचं, पंधराव्याला थांबायचं." एकानं ते हातावर लिहून घेतलं.

मग ती उठली. वकिलाकडे नाही, कोणाकडेच नाही, माझ्याकडे पाहून बोलली. पण बोलली मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

"बाबा, तुमचं मागणं रास्त होतं. मला ते त्या दिवशीही माहीत होतं. तरी मी तसं बोलले."