भोपळ्यातले एक्केचाळीस दाणे

मी एक जुना दुध्या भोपळा आहे. खरं सांगायचं तर आता अर्धाच आहे, पण या अर्ध्याचाही तोरा मोठा आहे! मित्रांनो, परीक्षेत भोपळा मिळाला की तुम्ही तोंड पाडता. आधी माझी गोष्ट ऐका.

तिसगावजवळ गोजरबाई नावाच्या शेतकरणीच्या कुडावर मी वाढलो. त्यांनी मला वेलावरच वाळू दिलं, मानेला भोक पाडून गर काढला आणि पोटात राळ्याचं बी भरलं. राळा म्हणजे मोहरीएवढं पिवळं धान्य. गावात आता तो कुणी पेरत नसे. गोजरबाई मात्र बांधाकडेला चार ओळी पेरायच्याच, कारण त्यांना भोगीला राळ्याचा भात लागे. शेणानं माझं तोंड लिंपलं की आत शिरायची किड्याची काय बिशाद!

मग बहात्तरचा दुष्काळ आला. बाजरी करपली, विहिरी आटल्या. त्या चार ओळींनी मात्र दाणे दिले! ते सगळे माझ्या पोटात आले आणि मी अभिमानानं फुगलो.

भोगीच्या सकाळी गोजरबाई दुष्काळी कामावर खडी फोडायला गेल्या. घरात नवी सून मनकर्णा होती. सासूला खूश करावं म्हणून तिनं मला उलटं केलं आणि होतं नव्हतं ते बी उखळात कांडून टाकलं. मी खूप ओरडलो, पण भोपळ्याचं कोण ऐकतं?

दुपारी गोजरबाईंच्या मागोमाग सायकल ढकलत एक पाहुणे आले. ते होते शेतीच्या संशोधन केंद्रातले रंगनाथराव.

"मावशी, बाजरी जळाली तरी तुमचा राळा तगला म्हणे! ते बी आम्हाला वाढवून बघायचंय. पुन्हा असं साल आलं तर लोकांच्या पोटाला आधार होईल. तालुकाभर हिंडलो, कुणाकडंच नाही."

गोजरबाईंनी उखळात पाहिलं आणि कपाळाला हात लावला. "मनकर्णे, समदंच कांडलंस व्हय? कांडलेला दाना कुठं उगवतो का?"

मनकर्णाचे डोळे भरले. रंगनाथराव सायकलकडे वळले. मला कोपऱ्यात ठेवता ठेवता मनकर्णानं कानाशी धरून हलवलं. आत बारीकसं सरसरलं!

"आत्याबाई, थांबा! ह्याच्यात अजून हायेत!"

उलटं केलं, थोपटलं, पण दाणे बाहेर येईनात. ते आतल्या वाळक्या जाळीत अडकले होते.

"फोडावा लागंल," मनकर्णा म्हणाली.

गोजरबाई माझ्यावरून हात फिरवत राहिल्या. "बारा वर्सं झाली ह्याला. लई जपला हुता मी."

फोडा! फोडा की लवकर! मी मनातल्या मनात ओरडत होतो. शेवटी गोजरबाईंनीच वरवंटा घातला. तिघांनी डोक्याला डोकं लावून दाणे वेचले. एक्केचाळीस!

"समदे न्या," गोजरबाई म्हणाल्या, "पन मूठभर परत आना."

पुढच्या भोगीला रंगनाथराव दारातूनच ओरडत आले, "मावशी, अडतीस उगवले!" त्यांनी ओंजळभर राळा आणला होता. मनकर्णानं आधी तो नव्या भोपळ्यात भरला, तोंड लिंपलं, आणि मगच चूल पेटवली. त्या भोगीला राळ्याचा भात झाला नाही. कुणी कुरकुर केली नाही.

माझ्या एका अर्ध्यात आता पेरणीचं बी मोजतात. मित्रांनो, एखादं जुनं भांडं रिकामं म्हणून फेकायला निघालात, तर आधी एकदा कानाशी धरून हलवा.