कापलेल्या हिरडीवर चिमूटभर मिश्री

फकिराच्या घरी थोरल्या जीवनचे जावळ काढले, त्या वर्षी मी त्या घरात आले. मित्रांनो, मी एक जुनी पितळी डबी आहे. नाशिकच्या भांडीबाजारात एका तांबटाने मला ठोकून गोल केले, झाकणाला आटे पाडले आणि चिंचेने घासून उन्हात ठेवले. जावळाच्या खरेदीला आलेल्या नवसाबाईने, म्हणजे फकिराच्या बायकोने, मला उचलले, झाकण फिरवून पाहिले आणि कमरेला खोचले. आत काय भरायचे याचा तिला विचार करावा लागला नाही. तिच्या सासूचीही अशीच एक डबी होती.

नवसाबाई तव्यावर तंबाखूची पाने भाजायची. धुराने घरभर खोकला सुटायचा. पाने कोळशासारखी काळी झाली की ती चुरून माझ्यात भरायची. हीच मिश्री. सकाळी उठल्यावर, जेवणानंतर, झेंडू तोडायला वाकण्याआधी तिचे बोट माझ्यात यायचे आणि हिरड्यांवर फिरायचे. उरलेली चिमूट ती डाव्या गालात धरून ठेवायची. मळ्यातल्या कुणा बाईची दाढ ठणकली की हाक यायची, "नवसाबाई, डबी दे गं." मला तेव्हा फार मोठेपणा वाटायचा.

फकिरा गेला, मुले मोठी झाली, मी कमरेलाच राहिले. मग एक गोष्ट मला कळू लागली, जी घरात कुणाला कळत नव्हती. पूर्वी नवसाबाईचे बोट पुन्हा माझ्यात आले की ते दोन पेरांपर्यंत ओले असायचे. आता नुसते टोक ओले असे. बोट पहिल्यासारखे तिच्या तोंडात जातच नव्हते. ती भाकरी दुधात कुस्करून खाऊ लागली. तिखट सोडले. "वय झालं," ती म्हणायची, आणि सगळ्यांना ते पटायचे.

तिची मुलगी मंजुषा शहरात चष्म्याच्या दुकानात कामाला आहे. ती हसली की वरच्या हिरड्या खूप दिसायच्या. गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस ती स्वतःच्या पगारातून दातांच्या डॉक्टर स्नेहल मॅडमकडे गेली, हिरड्यांना नीट आकार देऊन घेतला आणि त्यावर गुलाबी लेप घेऊन घरी आली.

"केस कापावे तशा हिरड्या कापून आलीस?" नवसाबाई म्हणाली. "धडधाकट होत्या ना?"

"तूच म्हणायचीस, हसताना तोंडावर हात धर."

"हात धर म्हणले. कापून ये नाय म्हणले."

जीवन हसला. मंजुषाला ओठ ताणायची मनाई होती, म्हणून ती नुसत्या डोळ्यांनी हसली. मग तिने डॉक्टरांनी सांगितलेले सगळे आईला ऐकवले. मऊ आणि गार खायचे. तिखट, कडक काही नाही. त्या जागी ब्रश नाही, बोट नाही, जीभसुद्धा लावायची नाही. दिलेल्या औषधाने हलकी चूळ भरायची. "आणि घरात कुणी तंबाखू खात असेल तर ती माझ्यापासून लांब," ती म्हणाली.

"आपल्यात कोण खातंय तंबाखू?" नवसाबाई म्हणाली, आणि बोट माझ्यात घातले. तिच्या लेखी मिश्री म्हणजे मिश्री. तंबाखू म्हणजे गडीमाणसे खातात ती.

दोन-तीन दिवस बरे गेले. मग एका दुपारी लेपाचा तुकडा निघाला आणि उघडी हिरडी ठणकू लागली. मंजुषाने फोन केला. मॅडम म्हणाल्या, गोळी घे, काही लावू नकोस, सकाळी ये, नवा लेप बसवते. जीवन फुले घेऊन बाजारात गेला होता. मंजुषा गाल धरून मुसमुसत होती आणि नवसाबाई तिच्या उशाशी बसली होती.

"उघड तोंड," ती म्हणाली.

"नको आई. मॅडम रागावतील."

"त्यांना दिसलं तर ना? नंतर चूळ भरून टाक. लय गुण येतो."

माझे झाकण फिरले. ते बोट आज ओले नव्हते. ते माझ्यातून निघाले आणि पहिल्यांदाच दुसऱ्या तोंडात गेले. थोड्या वेळाने मंजुषाचे मुसमुसणे थांबले. ती झोपली. नवसाबाईने मला पदराने पुसले, जणू मीच लेकीला वाचवले होते.

सकाळी दुखत नव्हते, म्हणून दोघी दवाखान्यात गेल्याच नाहीत. बोट पुन्हा फिरले. संध्याकाळी पुन्हा. मग ओठ सुजला, तोंडाला वास येऊ लागला आणि अंगात ताप भरला. जीवनने दोघींना रिक्षात घातले.

मॅडमनी जखम धुतली. कापसावर काळे कण आले. "हे काय आहे?"

नवसाबाईने मला कमरेतून काढून टेबलावर ठेवले. "मिसरी हाय. दुखायचं थांबतं."

"मावशी, ही भाजलेली तंबाखू आहे. दुखायचं थांबलं म्हणून तर आतलं सडलेलं कळलं नाही. हिरडी भरेल हिची, पण या एका दाताजवळ आता कायमची वर चढलेली राहील."

"माझ्या तोंडाला एवढ्या वर्षांत काय झालं?"

"बघू ना. उघडा."

नवसाबाईने तोंड उघडले. जेमतेम दोन बोटे मावतील एवढेच उघडले. मॅडमनी दिवा वळवला, डावा गाल बाजूला केला आणि आतली जागा बोटाने चाचपली.

"ही जखम कधीपासून आहे?"

"जखम कुठंय? भाकरीचा कोर लागलाय."

"याच आठवड्यात मोठ्या दवाखान्यात जा. याचा तुकडा काढून तपासायला हवा. थांबू नका, मावशी."

जिन्यातच मंजुषा म्हणाली, "उद्या जायचं."

"दसऱ्याचा झेंडू तोडायला आलाय. माल उतरू दे."

"मग मीही औषध घेत नाही."

"घे गप. आता कुठं नीट हसणारेस, ते तरी बघू दे."

मंजुषाने औषध घेतले. चुळा भरल्या, वेळेवर लेप बदलून घेतला. दर वेळी मॅडम एकच विचारत, "आई कुठे आहे?" दसरा झाला. दिवाळीचा झेंडू आला. मंजुषाने मला मोरीत रिकामे केले. शेजारच्या कुसाबाईने आपल्या पुडीतून मला पुन्हा भरले. नवसाबाईचा गाल बाहेरून सुजला, पाणी पितानाही ती डोळे मिटू लागली, तेव्हा जीवनने काही न विचारता तिला उचलून गाडीत बसवले.

निघताना तिने मला कुसाबाईच्या हातात दिले. शब्द नीट फुटत नव्हते. "तू ठेव. पोरगी फेकून देईल."

"परत आलीस की देते," कुसाबाई म्हणाली.

मित्रांनो, आता मी कुसाबाईच्या कमरेला आहे. मी भरलेली आहे. कालपर्यंत तिचे बोट दोन पेरांपर्यंत ओले असायचे, आज तसे वाटले नाही. मला तोंड नाही, म्हणून तुम्हाला सांगते. हिरडी कापून घेतली असेल, तर डॉक्टरांनी दिले आहे त्याशिवाय तिथे काही लावू नका, लावणारी आई असली तरी. दुखले तर सांगा, दुखायचे थांबले तरी दाखवायला जा. आणि घरात कुणी मिश्री लावत असेल, तर तिला आपली तीन बोटे उभी धरून तोंडात घालायला सांगा. जात नसतील, तर तिला दवाखान्यात न्यायला कोणत्याही सणाची वाट पाहू नका.

नवसाबाई यंदा होळीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी गालाच्या कॅन्सरने वारली.